गळ नेलास, भांडं कुठंय?

नायगाव पूर्व
६ डिसेंबर २०२४

डेल्फिन,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. बेसिलमामा दर शुक्रवारी आमच्या सोसायटीच्या गेटवर केळी आणि मोगरा घेऊन येतात. त्यांच्या हाती पाकीट देईन. चिकटवलेलं आहे. "मामा, वाचायचं नाही," असं मी मागच्या आठवड्यातच बजावलं, तर म्हणाले, "मी कशाला वाचू? चष्मा कुठंय माझ्याकडं?" चष्मा कपाळावर होता.

विषय एकच आहे. गळ.

सोमवारी, १८ नोव्हेंबरला, सकाळी साडेदहाला मी गिरिजला आले. तू निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेली होतीस. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, मागच्या ओट्यावर गेले, खिळ्यावरचा सात आकड्यांचा लोखंडी गळ काढला, गोणपाटात गुंडाळला आणि निघाले. घरात नऊ मिनिटं होते. दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

आपल्या आईचा नियम मला आठवतो हे तुला कळावं म्हणून लिहिते. ज्याची बादली विहिरीत पडली त्याने आपल्या घरचं एक भांडं आणून ओट्यावर ठेवायचं आणि मग गळ न्यायचा. आई ते भांडं भिंतीशी उपडं ठेवायची. गळ परत आला की भांडं परत जायचं, पण रिकामं नाही. दोन अंडी, मूठभर वाल, काहीतरी आत असायचंच. भांडं ठेवल्याशिवाय नेलेल्या गळाला बादली लागत नाही, असं ती म्हणायची. मला वाटायचं, वस्तू परत यावी म्हणून केलेली ही साधी सोय आहे. अजूनही तसंच वाटतं.

मी भांडं ठेवलं नाही, कारण मी घरची आहे असं धरलं. तू फोनवर जे बोललीस ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय: "घरचं माणूस विचारून नेतं. बाहेरचं माणूस भांडं ठेवून नेतं. तू दोन्हीतली नाहीस." वाक्य बरोबर आहे.

आता गळ कुठे आहे ते. सातिवलीच्या एका गोडाऊनमध्ये आमच्या सिनेमाचं शूटिंग झालं. तिथे कल्पेशच्या, म्हणजे आमच्या कला दिग्दर्शकाच्या, पत्र्याच्या पेटीत तो कुलपात आहे. थोडं शूटिंग बाकी आहे, म्हणून अजून परत आणला नाही. सातही आकडे शाबूत आहेत. वर काळा रंग आहे, तो पाण्याने निघतो. कुंकूही निघतं. कल्पेश अ‍ॅसिड लावणार होता, म्हणजे म्हणे "शंभर वर्षं जुना दिसेल". मी सांगितलं की तो शंभर वर्षं जुनाच आहे.

सिनेमाचं नाव "सातनखी". एका मुलीला तळ्यात ही वस्तू सापडते. ती ज्या घरात टांगली जाते तिथे तिसऱ्या दिवशी मुलीच्या अंगात एक बाई येते आणि बोलायला लागते. कल्पेशने आधी थर्माकोलचं काहीतरी बनवलं होतं. दिग्दर्शक सुरज म्हणाला, "हे गणपतीचं मखर आहे की शाप?" तेव्हा मी बोलले की माझ्याकडे एक वस्तू आहे. मी साउंडची, सेटवर माझं काम ऐकण्याचं असतं. त्या दिवशी उगाच बोलले.

गोणपाट उघडल्यावर गोडाऊनमधली तीसएक माणसं दोन पावलं मागे सरकली. नायिकेचं काम करणाऱ्या जागृतीने आधी लिंबू मागवलं, मगच हात लावला. आपण लहानपणी ज्यावर ओले टॉवेल वाळत घालायचो, त्या गळाला लिंबू! तुला हे ऐकून हसू येईल असं मला वाटलं होतं. त्या फोनमध्ये मी तिथपर्यंत पोचलेच नाही.

रोवेना

•

नायगाव पूर्व
२२ डिसेंबर २०२४

डेल्फिन,

उत्तर आलं नाही. मामा म्हणाले, पाकीट तू घेतलंस. एवढी माहिती मिळाली.

नाताळला मी येत नाही. काम आहे. हे कारण खरं आहे, पुरेसं नाही.

काम काय ते सांगते. मुलीच्या अंगातली बाई बोलते तो आवाज आम्हाला सापडत नव्हता. जागृतीचे केस तोंडावर आहेत, त्यामुळे ओठ जुळवायचा प्रश्न नव्हता. कुठलाही आवाज बसवता आला असता. मी संस्कृत उलटं वाजवून बघितलं. डबिंगवाल्या तीन बायका आणल्या. पहिली ऐकून सुरज म्हणाला, "ही मला बॅलन्स जाणून घेण्यासाठी एक दाबा म्हणतेय." दुसरी फार घोगरी. तिसरी रडायला लागली, तिला थांबवायला चहा द्यावा लागला.

सुरजला अशी भाषा हवी होती जी कुणाला कळणार नाही पण खरी वाटेल. "खोटी भाषा लोकांना लगेच कळते यार," हे त्याचं म्हणणं. या एका बाबतीत तो बरोबर आहे.

शेवटी एका जुन्या रेकॉर्डिंगमधला आवाज मिळाला. मी तो हळू केला, सूर खाली उतरवला, मागे विहिरीतला घुमारा दिला. ऐकल्यावर सुरजने हात पुढे करून मला अंगावरचा काटा दाखवला. तो चंदनसारला वाढला. तिथून गिरिज चौदा किलोमीटर आहे. त्याला एक शब्दही कळला नाही. कुठली भाषा आहे, त्याने विचारलं. मी म्हणाले, जुनी बोली आहे, नेमका अर्थ मलाही माहीत नाही.

नाताळचे फुगे तळलेस का या वर्षी? मामा म्हणतात, तू मागच्या ओट्यावरचा दिवा आता रोज लावतेस. खिळा रिकामा आहे म्हणून असेल तर, तो दिवा बघून माझ्यासारखी कुणी थांबणार नाही. मी दिवसाच आले होते.

रोवेना

•

नायगाव पूर्व
११ जानेवारी २०२५

प्रिय डेल्फिन,

अर्थ माहीत नाही असं मी सुरजला सांगितलं ते खोटं होतं, आणि तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. त्याआधीची एक त्याहून मोठी आहे. क्रमाने लिहिते.

आई गेल्यावर सातव्या दिवशी तू स्वयंपाकघरात मला विचारलंस, "तुझ्याकडे आईचा आवाज आहे का कुठे? तू एवढं रेकॉर्ड करत असतेस." मी नाही म्हणाले. तू तीनदा विचारलंस. तिन्हीदा नाही म्हणाले.

आहे. एकेचाळीस मिनिटं सतरा सेकंद.

२०१९चा मे महिना. मी कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते, भाड्याचा माइक दोन दिवसांसाठी घरी आणला होता. आईला मागच्या ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, बोल. ती वालाच्या शेंगा सोलत होती. ती आपल्या बोलीत बोलते आहे. मी इथे तुला शाळेच्या मराठीत लिहिते, कारण आपली बोली मला कधी लिहिता आली नाही. ती फक्त बोलता येते, आणि बोलायला आता तूच आहेस.

ती विचारते, जेवलीस का? मी म्हणते, आई, ते नको, दुसरं काही बोल. ती म्हणते, कोंबड्या कोंडल्या का, मुंगूस फिरतंय. मी म्हणते, जरा लांब सरक. ती म्हणते, अनवाणी वाडीत जाऊ नको, काटे आहेत. मी म्हणते, पुन्हा बोल, मागे मोटार चालू होती. ती म्हणते, दार लोटून घे. ओल्या केसांनी निजू नको. जेवलीस का?

तिने "जेवलीस का" अकरा वेळा विचारलंय. मी मोजलं. मी एकदाही उत्तर दिलेलं नाही. "ते नको" मी चौदा वेळा म्हणालेय. अडतिसाव्या मिनिटाला ती म्हणते, "मग काय बोलू? मला एवढंच येतं." आणि मी म्हणते, "आवाजाची लेव्हल मिळाली, बस झालं." त्यानंतर तीन मिनिटं ती फक्त शेंगा सोलते आहे. माइक बंद करायला मी विसरले होते.

आईचा आवाज तुला दिला असता तर सोबत माझाही ऐकावा लागला असता. म्हणून नाही म्हणाले. तिच्या शेवटच्या दोन महिन्यांत तू रात्रंदिवस जवळ होतीस, मी रविवारची येत होते. तुला माझं ते "बस झालं" ऐकवायचं मला जमलं नाही. माझा आवाज कापून फक्त तिचा द्यायचा, हा उपाय होता. दोनदा बसले. कापल्यावर तिची वाक्यं कुणालाच उद्देशून राहत नाहीत. मग सोडून दिलं.

आता उरलेलं तू ओळखलं असशील. सातनखीतली बाई म्हणजे आई आहे. सिनेमात शाप आपल्या ओट्यावरचा आहे आणि भूतही आपल्याच घरचं. हळू केल्यावर "दार लोटून घे" फार भयानक लागतं.

मी हे का केलं, याचं कामाचं कारण वर आहे. दुसरं कारण मला अर्धंच सांगता येतं. दोन आठवडे मला रोज आठ तास तो आवाज ऐकायला मिळाला, आणि त्याला काम म्हणता आलं.

फायनल मिक्स २० फेब्रुवारीला आहे. त्यानंतर काही बदलता येणार नाही. तोवर तू हो किंवा नाही सांग. नाही म्हणालीस तर काढते. गप्प राहिलीस तर त्याला मी होकार धरणार नाही. घरचं माणूस विचारून नेतं. हे विचारणं आहे, उशिरा का होईना.

रोवेना

•

नायगाव पूर्व
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय डेल्फिन,

आई जाऊन वर्ष झालं, तिच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी आले होते. डावीकडच्या शेवटच्या बाकावर. तू मागे वळली नाहीस, किंवा वळलीस तेव्हा माझ्यासमोर कुणीतरी उंच होतं. निघताना मामांनी कंपाउंडबाहेर गाठलं.

"काय गो रोवेना, एवढं काय लिहितेस? पोस्टमन झालो मी तुझा."

"ती वाचते का, मामा?"

त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग स्कूटरचा आरसा पुसला. "फ्रिजवर आहेत. सगळी. चिकटलेलीच."

म्हणजे तू एकही पत्र उघडलेलं नाहीस. हेही उघडणार नाहीस. हे कळल्यावर लिहिणं थोडं सोपं झालंय.

उत्तर नाही, म्हणून आवाज काढला. सुरजला सांगितलं की त्या रेकॉर्डिंगचे हक्क माझे एकटीचे नाहीत. तो गोडाऊनच्या शटरला टेकून खालीच बसला. "रोवेना, दोन दिवस राहिले. दोन! मी आता भूत कुठून आणू?" मी म्हणाले, मी आणते.

परवा, १९ तारखेला, दुपारी दोनला बेडरूमच्या कपाटात गोधड्या लावून माइक बांधला. एका कानात आईचं मूळ रेकॉर्डिंग, आणि तिचं एकेक वाक्य झालं की मागोमाग मी तेच बोलायचं, असं ठरवलं. पहिले पाच टेक फुकट. शब्द आपलेच, पण आवाज इस्त्री केलेला. ऑफिसात फोन उचलावा तसा. मग स्टूल बाहेर काढलं आणि आई बसायची तशी एक गुडघा उभा घेऊन खाली बसले. मांडीवर परात घेतली. घरात वाल नव्हते, भुईमुगाच्या शेंगा सोलत बोलले.

सहावा टेक अकरा मिनिटांचा आहे. मी प्रत्येक "जेवलीस का" म्हणाले, आणि प्रत्येकाला हळू आवाजात "जेवले" असं उत्तरही दिलं. ते मिक्समध्ये जाणार नव्हतं, पण दिलं. अकरा वेळा.

आता एक नोंद. ती तशीच वाच, मी त्यावर मत देत नाही. टेकच्या शेवटी, १०:५२ पासून १०:५६ पर्यंत, एक वाक्य आहे. आपल्या बोलीत. मराठीत त्याचा अर्थ: "गळ नेलास, भांडं कुठंय?"

हे वाक्य मी म्हटल्याचं मला आठवत नाही. आईच्या एकेचाळीस मिनिटांत ते नाही; मी पूर्ण फाईल दोनदा ऐकली. असणं शक्यही नाही, तेव्हा गळ जागेवर होता. आवाज माझ्याच घशातला आहे, कपाटात दुसरं कुणी नव्हतं. सव्वा तास एकच गोष्ट बोलत राहिलं की तोंड पुढे आणि डोकं मागे राहतं, हे मला माहीत आहे. पण वाक्याच्या शेवटी ती जशी जीभ टाळ्याला लावून "च्च" करायची, तसं केलंय. मला ते येत नाही. त्यानंतर मी मुद्दाम वीसेक वेळा प्रयत्न केला. येत नाही.

हेडफोन काढून कपाटाचं दार उघडलं. बाहेर सव्वातीनचं ऊन होतं, खाली वॉचमन कुणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगत होता. मी तिथेच बसून सोललेल्या सगळ्या शेंगा खाल्ल्या.

सुरजने नवा आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा आधीचाच ना? तू बदलणार होतीस." मी म्हणाले, बदललाय. त्याला फरक कळला नाही. मला कळतो. ते शेवटचं वाक्य मी सिनेमात दिलेलं नाही.

काल फायनल मिक्स झालं. आज सकाळी सातिवलीला गेले आणि कल्पेशकडून गळ मागून घेतला. त्याचे पोस्टरसाठीचे दोन शॉट बाकी आहेत. तो म्हणाला, "मॅडम, मग मी काय दाखवू?" मी म्हणाले, मखर दाखव. दुपारी गिरिजला आले, तू शाळेत शिकवत होतीस. बावखलाच्या, आपल्या तळ्याच्या, पायरीवर नारळाच्या काथ्याने गळ घासला. काळा रंग गेला, कुंकूही गेलं. एका आकड्याच्या आत थोडं राहिलंय. मग वाडीकडून मागच्या ओट्यावर जाऊन खिळ्यावर टांगला. दाराला हात लावला नाही. किल्ली दाराखालच्या फटीतून आत सरकवली आहे, ती तुझ्याकडे राहू दे.

सातव्या आकड्याला दोऱ्याने एक पेनड्राइव्ह बांधला आहे. त्यात दोन फायली आहेत. एक आईची, न कापलेली, माझ्या चौदा "ते नको"सकट. दुसरी माझा सहावा टेक. तू आईचा आवाज माझ्यापेक्षा जास्त ऐकला आहेस. १०:५२ ला कोण बोलतंय ते मला सांगू शकेल अशी तू एकटीच आहेस.

रोवेना

•

नायगाव पूर्व
२७ एप्रिल २०२५

प्रिय डेल्फिन,

मामांनी दर शुक्रवारी पेनड्राइव्हचा रिपोर्ट दिला. "लटकतोय." मार्चभर लटकतोय. ईस्टरच्या आधी वारा सुटला तेव्हा म्हणाले, "लटकतोय, पण फिरून उलटा झालाय." मी त्यांना काढून ठेवा म्हणाले नाही. ते काम माझंही नाही, त्यांचंही नाही.

परवा, शुक्रवारी, सिनेमा लागला. वसईत सव्वाबाराचा खेळ. तू आली नव्हतीस, पण गिरिजमधले सतरा जण आले होते. मामांनी टेम्पो केला होता. "ईस्टरनंतर लावलात म्हणून आलो," त्यांनी सुरजला सुनावलं. "उपवासकाळात असलं भुताटकीचं मी बघितलं नसतं."

हॉलमध्ये एकूण बासष्ट माणसं. पुढच्या रांगांत कॉलेजची पोरं, मध्ये आपली माणसं, मागे सुरज आणि मी. सुरज खुर्चीचा हात धरून बसला होता.

पहिला तास चांगला गेला. मग जागृती केस सोडून भिंतीकडे तोंड करून उभी राहते, गळ आपोआप फिरायला लागतो, आणि ती बाई पहिल्यांदा बोलते. पुढची पोरं ओरडली. एका मुलीचे पॉपकॉर्न उडाले. आणि मधल्या रांगेतून हसू फुटलं.

पडद्यावर ती म्हणाली होती: कोंबड्या कोंडल्या का? मुंगूस फिरतंय.

सुरजने माझ्या कानाशी विचारलं, "का हसतायत? का हसतायत हे?" तेवढ्यात ती म्हणाली, अनवाणी वाडीत जाऊ नको. शॅननची आजी, तुला माहीत आहे तिला कमी ऐकू येतं, ती आईचं नाव घेऊन मोठ्याने म्हणाली, "अगो ही तर मार्था!" कुणीतरी म्हणालं, "मार्था नाय, आजी, पिक्चर आहे." "मला शिकवू नको. मार्था बोलतेय. पोरीला काटा लागंल म्हणून सांगतेय."

मग ती जागा आली जिथे आम्ही सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. मांत्रिक राखेत पडलाय, दिवे जातात, आठ सेकंद शांतता, आणि अगदी जवळून, मागच्या स्पीकरमधून: जेवलीस का?

पुढची पोरं खुर्च्यांखाली गेली. मधली रांग हसली नाही. त्या काळोखात शॅननची आजी म्हणाली, "जेवले गो बाय. तू जेवलीस?" त्यानंतर पूर्ण एक मिनिट मला पडदा नीट दिसला नाही. तिथे आवाजाची पातळी थोडी जास्त झाली आहे, एवढं मात्र मी टिपलं.

बाहेर आल्यावर मी सुरजला एकेका वाक्याचा अर्थ सांगितला. आणि तो मला आधीपासून माहीत होता, हेही. तो पार्किंगमध्ये बराच वेळ स्वतःच्या बाइकभोवती फिरला. "म्हणजे माझी चेटकीण," तो म्हणाला, "अख्ख्या पिक्चरभर फक्त जेवायला बोलावतेय?"

"फक्त नाही. दारही लोटायला सांगते."

"आणि मांत्रिक तिला हाकलतोय."

"हो."

"मग पिक्चरमध्ये व्हिलन कोण आहे, रोवेना?"

मी म्हणाले, ते साउंडचं काम नाही.

टेम्पोत बसताना शॅननच्या आजीने माझा हात धरला. मार्था कधी बोलली हे सगळं, तिने विचारलं. मी खरं सांगितलं: आजी, ते मी बोलले. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी वर केला आणि बराच वेळ बघितलं. "तू?" म्हणाली. "मग डेल्फिनला जाऊन सांगते. ती बिचारी आईचा आवाज सगळ्यांकडं मागत फिरत होती. माझ्या पोराच्या लग्नाच्या व्हिडिओत पण शोधला तिनं."

हे मला माहीत नव्हतं. लग्नाच्या व्हिडिओत बँडचाच आवाज असतो.

रोवेना

•

नायगाव पूर्व
३ मे २०२५

बाय,

नववीपर्यंत मी तुला, मोठ्या बहिणीला, हेच म्हणत होते. कॉलेजात गेल्यावर डेल्फिन म्हणायला लागले, कारण मैत्रिणी हसायच्या. हाही हिशेब तुझ्याकडे असेलच.

काल मामा आले ते केळी न आणता. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "हे घे. डेल्फिननं दिलंय. म्हणाली, तिला सांगू नका काय ते, तिला कळंल."

"पेनड्राइव्ह, मामा?"

"नाय लटकत. शनिवारीच गेला. शॅननची आजी घरी जाऊन आली, त्याच संध्याकाळी." मग ते कठड्यावर बसले आणि उन्हात डोळे मिटून सांगत राहिले. रविवारी तू मिस्साला गेली नाहीस. फ्रिजवरची पाकिटं एका बैठकीत उघडलीस. लाल पेन घेऊन, असं ते म्हणतात, आणि त्यावर माझा विश्वास आहे. त्यानंतर मागच्या ओट्यावरून दोन दिवस मार्थाचा आवाज येत होता. "मी कुंपणाशी उभा राहून ऐकलं," ते म्हणाले. "ती विचारत होती, जेवलीस का. मग तू म्हणायचीस, ते नको. मग डेल्फिन हसायची. मग परत लावायची."

तू हसलीस हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी दोनदा विचारलं म्हणून.

कापड सोडलं. आईचं अ‍ॅल्युमिनियमचं तपेलं. डाव्या बाजूला पोचा आहे तेच, तू ते माझ्या अंगावर फेकलं होतंस त्या दिवशीचा. आत काही नाही. चिठ्ठी नाही, वाल नाहीत, १०:५२ बद्दल एक शब्द नाही. घासून, पुसून, रिकामं.

मामा माझ्याकडे बघत होते. "रिकामंच दिलं गो तिनं. मी विचारलं, असं कसं नेऊ? तर म्हणाली, असंच न्यायचं असतं."

मला कळलं. रिकामं भांडं ठेवतो तो वस्तू न्यायला आलेला असतो. तू आवाज नेलास आणि भांडं ठेवलंस. म्हणजे चोरी नाही आणि भेटही नाही, उसनवारी आहे. नेलेलं परत आणून द्यायचं असतं, आणि ते मामांच्या हाती देऊन चालत नाही. स्वतः यावं लागतं.

माझ्या फ्लॅटला ओटा नाही. तपेलं बाल्कनीत भिंतीशी उपडं ठेवलंय, बाहेरून दिसेल असं. आमच्या इमारतीचं नाव मामांना माहीत आहे. सातवा मजला, लिफ्ट बहुतेक चालू असते. परत करायची मुदत आईने कधी कुणाला घातली नव्हती, मीही घालत नाही. तो आवाज लागेल तेवढे दिवस ठेव.

पण येशील तेव्हा निघायच्या आधी जेवू नको. आज बाजारातून वाल आणलेत. भांडं रिकामं परत जाणार नाही.

तुझी
रोवेना